हिमालयाचे पदयात्री काकासाहेब कालेलकर

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी बहुधा त्यांच्या यशाकडे जाते. त्यांनी कोणत्या संस्था चालविल्या, कोणते ग्रंथ लिहिले, कोणते मान मिळविले, हे आपण तोंडपाठ करतो. परंतु ज्या काळात त्यांच्या हातात काहीच उरले नव्हते आणि पुढची वाटही दिसत नव्हती, त्या काळात ते कसे वागले, हे आपण क्वचितच पाहतो. आमच्या मते विद्यार्थ्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचावयाचा भाग तोच होय. काकासाहेब कालेलकर हे गांधीजींचे निकटचे सहकारी, नामांकित शिक्षणतज्ज्ञ आणि गुजराती भाषेचे श्रेष्ठ लेखक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण सन १९१२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांची शाळा बंद पडली होती, मन उद्विग्न झाले होते आणि घरदार मागे ठेवून ते दोन सोबत्यांसह हिमालयाची वाट चालू लागले होते. या लेखात आम्ही त्यांचे सारे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत. मात्र अधिक काळ रेंगाळणार आहोत तो त्या पायवाटेवर.

आमच्या रांधा परिसरातील वाचकांना काकासाहेब जवळचे वाटावेत असे आणखी एक कारण आहे. आपल्या दादरा व नगर हवेलीत मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा एकाच बाजारात, कित्येकदा एकाच घरात ऐकू येतात. त्यांच्या जोडीला वारली, कोकणा, धोडिया या बोलींचे बोल कानी पडतात. काकासाहेबांची मातृभाषा मराठी. परंतु त्यांनी गुजरातीला आपले हृदय असे काही दिले की गांधीजींनी त्यांना कौतुकाने 'सवाई गुजराती' ही पदवी बहाल केली. दोन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलांनी हे नाव विसरता कामा नये.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी सातारा येथे झाला. घराणे मूळचे सावंतवाडीकडील कालेली गावचे. गावावरून कालेलकर हे आडनाव पडले. वडील सरकारी हिशेबखात्यात नोकरीस होते आणि त्यांना नोकरीनिमित्त दक्षिणेकडील संस्थानांतून व जिल्ह्यांतून वारंवार फिरावे लागे. घरातील सर्वांत धाकटा दत्तू त्यांच्याबरोबर सातारा, कारवार, बेळगाव, धारवाड अशा गावांचे पाणी चाखीत वाढला. त्या काळी असा मुक्काम हलविणे म्हणजे बैलगाडीचा प्रवास. रात्री गाडीच्या घुंगरांचा नाद ऐकत झोपी जावे, पहाटे नव्या ओढ्याकाठी जागे व्हावे, झाडाखाली तीन दगडांच्या चुलीवर शिजलेला भात खावा. या मुलाला शाळेतील भूगोल पुढे शिकविला गेला असेल, पण नदी, घाट, खिंड आणि समुद्र या शब्दांचे अर्थ त्याला आधीच कळले होते. 'स्मरणयात्रा' या पुस्तकात त्यांनी आपल्या बालपणीच्या या आठवणी पुढे लिहून ठेवल्या. सह्याद्रीचे घाट आणि कारवारचा समुद्र यांनी त्या बालमनात पेरलेले बीज हिमालयात जाऊन फळास आले, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०७ साली ते तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झाले. तो काळ वंगभंगाच्या चळवळीचा आणि लोकमान्यांच्या तेजस्वी राजकारणाचा होता. पुण्यातील तरुणांची मने पेटलेली होती. कालेलकरांनाही क्रांतिकारकांच्या मार्गाचे आकर्षण वाटत होते. त्याच वेळी स्वामी विवेकानंद आणि स्वामी रामतीर्थ यांच्या विचारांनी त्यांना दुसऱ्या बाजूने ओढले होते. देशाचे स्वातंत्र्य की आत्म्याची मुक्ती, हा प्रश्न त्यांना तेव्हापासूनच छळू लागला. पदवीनंतर त्यांनी बेळगावच्या गणेश विद्यालयात मुख्याध्यापकाचे काम केले, मुंबईच्या 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकात काही काळ लेखणी चालविली, आणि १९१० साली बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिक्षक झाले.

गंगनाथ विद्यालय ही साधी शाळा नव्हती. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने चाललेली ती राष्ट्रीय शिक्षणाची संस्था होती. तेथे शिक्षक आणि विद्यार्थी एका कुटुंबासारखे राहत आणि शिक्षकांना नात्यांच्या नावाने हाक मारीत. कोणी मामा, कोणी अण्णा, तर कालेलकर झाले काका. विद्यालय गेले, पण हे नाव जन्मभर टिकले. विठ्ठल लक्ष्मण फडके हे तेथेच मामा झाले आणि पुढे मामासाहेब फडके म्हणूनच गुजरातेत ओळखले गेले. परंतु अशा संस्थेवर परकीय सरकारची वक्रदृष्टी पडल्यावाचून कशी राहणार? सरकारी दडपणामुळे १९१२ साली विद्यालय बंद करावे लागले. मुले आपापल्या घरी गेली, शिक्षक पांगले.

ज्या कामासाठी आयुष्य वाहावयाचे ठरविले ते कामच नाहीसे झाले म्हणजे मनुष्याच्या मनाची काय स्थिती होते, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. काकासाहेबांना घरी पत्नी होती, लहान मुले होती. नोकरी पाहून स्वस्थ संसार करणे शक्य होते. त्यांनी ते केले नाही. मनाच्या तळाशी असलेली मुक्तीची ओढ उसळून वर आली आणि त्यांनी हिमालयात जावयाचे ठरविले. मुलाबाळांना मागे ठेवून असे निघून जाणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहणारच. तो दडपून चरित्र लिहिणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पुरुष मोक्षाच्या शोधात निघतो तेव्हा चूल पेटती ठेवण्याचा भार मागे राहिलेल्या स्त्रीवर पडतो. या प्रश्नाचे उत्तर पुढे काकासाहेबांच्या आयुष्यानेच दिले. ते आपण यथावकाश पाहू.

प्रयाग, काशी, गया, अयोध्या अशी तीर्थे करीत ते उत्तरेकडे सरकले आणि अल्मोड्याच्या डोंगरांत पोहोचले. हिमालयातील त्यांची पदयात्रा तिघांची झाली. एक स्वतः काकासाहेब. दुसरे अनंतबुवा मर्ढेकर. आणि तिसरे स्वामी आनंद. स्वामी आनंद हे मूळचे सौराष्ट्रातील. लहान वयातच ते साधूंच्या संगतीत घर सोडून गेले होते. मराठी त्यांना अस्खलित येत असे आणि 'राष्ट्रमत'च्या परिवारात त्यांनी कामही केले होते. १९१२ च्या सुमारास ते अल्मोडा येथील शाळेत शिकवीत होते. एक गृहस्थाश्रमी शिक्षक, एक बुवा आणि एक संन्यासी असे हे त्रिकूट होते. याच स्वामी आनंदांनी पुढे आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे आश्रम काढला आणि उत्तरायुष्यात ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर राहिले. रांध्यापासून ही गावे फार दूर नाहीत. म्हणजे त्या हिमालययात्रेतील एका यात्रेकरूची पावले आपल्या अंगणाजवळूनच गेली आहेत.

आता थोडे त्या वाटेविषयी. उत्तराखंडातील चार धामे म्हणजे यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि बदरीनाथ. आज बदरीनाथ आणि गंगोत्री येथे मोटार थेट जाते. यमुनोत्रीसाठी शेवटचे पाच-सहा किलोमीटर आणि केदारनाथसाठी गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरांच्या आसपास चालावे लागते. १९१२ साली आगगाडी हरिद्वार आणि डेहराडूनपर्यंत येत असे. तेथून पुढे सारी भिस्त पायांवर. ऋषीकेशजवळ लक्ष्मणझुल्याच्या लोखंडी दोरांच्या पुलावरून गंगा ओलांडावयाची. तो जुना पूल १९२४ च्या पुरात वाहून गेला. पुढे अलकनंदा आणि भागीरथी यांचा संगम असलेले देवप्रयाग, मग टिहरी, आणि तेथून यमुनेच्या उगमाकडे चढण. यमुनोत्री समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२९० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे यात्रेकरूंचा हा पहिला मुक्कामच कळसूबाईच्या दुप्पट उंचीचा होता, हे कळेल. तेथे एका बाजूस बर्फाच्छादित डोंगर आणि दुसऱ्या बाजूस कढत पाण्याचे कुंड. त्या कुंडात फडक्यात बांधलेले तांदूळ सोडले की काही वेळाने भात शिजून निघतो.

टिहरी गावाशी काकासाहेबांचे एक आंतरिक नाते होते. ज्या स्वामी रामतीर्थांनी त्यांना तरुणपणी भारून टाकले होते आणि ज्यांच्याविषयी त्यांनी मराठीत लेखनही केले होते, ते रामतीर्थ १९०६ साली टिहरी येथेच नदीच्या प्रवाहात देह ठेवून गेले होते. अवघ्या सहा वर्षांनी काकासाहेब त्याच नदीकाठी आले. ते जुने टिहरी आज पाहावयास मिळत नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या धरणाच्या जलाशयाखाली ते बुडून गेले. दमणगंगेवरील मधुबन धरणाच्या पाण्याखाली आपल्या भागातील गावेही गेलेली असल्याने, गाव पाण्याखाली जाणे म्हणजे काय हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

यमुनोत्रीहून गंगोत्री, आणि गंगोत्रीहून बूढा केदार, पंवाली, त्रियुगीनारायण अशा आडवाटेने केदारनाथ असा त्यांचा मार्ग होता. यांपैकी पंवालीची चढण यात्रेकरूंत फार प्रसिद्ध होती. वर सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर विस्तीर्ण कुरणे पसरलेली आहेत. वारा सुटला तर आडोसा नाही आणि धुके आले तर वाट नाही. केदारनाथ ३,५८३ मीटर उंच. पुढे तुंगनाथ सुमारे ३,६८० मीटर. तेथून चमोली, जोशीमठ करून शेवटी बदरीनाथ. नकाशावर बोट फिरविण्यास क्षणभर पुरतो. पायांना मात्र आठवड्यांमागून आठवडे लागत.

अशा यात्रेची तयारी त्या काळी कशी होत असे? काकासाहेबांच्या पडशीत कोणती वस्तू होती याची यादी देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या वाटेवरील यात्रेकरूंची रीत सर्वश्रुत आहे. सामान जितके कमी तितका यात्रेकरू शहाणा. एक जाड कांबळे, एक लोटा, टोकाला लोखंडी अणी बसविलेली काठी, थोडे पैसे, आणि बाकी देवाचा भरवसा. वाटेत ठराविक अंतरावर चट्ट्या असत. चट्टी म्हणजे दगडामातीची साधी पडवी आणि तिला लागून वाण्याचे दुकान. दुकानातून पीठ, डाळ, मीठ विकत घेतले की रात्रीचा निवारा आणि स्वयंपाकाची भांडी फुकट मिळत. ऋषीकेशच्या बाबा काली कमलीवाले यांच्या नावाने चाललेल्या धर्मशाळा व सदावर्ते साधूंना आणि गरीब यात्रेकरूंना अन्न देत. ज्यांना चालवत नसे ते कंडीत, म्हणजे मजुराच्या पाठीवरील टोपलीत, किंवा चार जणांनी वाहिलेल्या दांडीत बसून जात. एका माणसाच्या पुण्यासाठी दुसऱ्याने पाठीवर केवढे ओझे वाहावे, याचा विचार त्या वाटेवर डोळे उघडे ठेवणाऱ्या कोणासही टाळता येण्यासारखा नव्हता.

चालत जाण्याचा एक मोठा फायदा मात्र त्या जुन्या यात्रेकरूंना नकळत मिळत असे. साडेतीन हजार मीटरांच्या वर हवा विरळ होते. प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश असतो. सपाटीवरचा मनुष्य एकाएकी तेथे गेला तर त्याचे डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. दुखणे बळावले तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठून प्राणावर बेतते. शरीराला या हवेची सवय होण्यास दिवस लागतात. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याचा मुक्काम एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. पायी जाणारा मनुष्य दऱ्या उतरत, डोंगर चढत हळूहळू उंची गाठतो. त्यामुळे त्याचे रक्त आणि श्वास वाटेतच तयार होतात. मोटारीने आणि हेलिकॉप्टरने जाणाऱ्या आजच्या यात्रेकरूंना हा क्रम मुद्दाम पाळावा लागतो. घाई ही पर्वतावर केवळ अविवेक नव्हे, तर धोका आहे.

तिघांनी मिळून चालण्याचेही एक शास्त्र आहे. पर्वतात तुकडीचा वेग सर्वांत बळकट गड्याच्या पायांवर ठरत नाही. तो सर्वांत थकलेल्याच्या पायांवर ठरतो. जो पुढे धावतो तो वळणाआड दिसेनासा होतो, आणि जो मागे राहतो तो एकटा पडतो. दोघेही सारखेच संकटात सापडतात. पाणी कोणी आणावयाचे, चूल कोणी पेटवावयाची, कोणाच्या पायाला फोड आला आहे, कोणाचे मन आज खिन्न आहे, हे सारे न बोलता ओळखावे लागते. स्वभाव भिन्न, वृत्ती भिन्न, जन्मप्रांत भिन्न, आणि तरी काकासाहेब, बुवा व स्वामी यांची यात्रा तडीस गेली आणि त्यांचा स्नेह तुटला नाही. स्वामी आनंद आणि काकासाहेब यांनी पुढे गांधीजींच्या कार्यात जन्मभर एकमेकांची सोबत केली. डोंगरावर जुळलेली मैत्री सपाटीवर टिकली, याहून यात्रेचे मोठे फळ ते कोणते?

आता त्या प्रश्नाकडे वळू, जो आम्ही मघाशी अर्धवट सोडला होता. काकासाहेब हिमालयात गेले ते मुक्तीच्या शोधात, एकांताच्या ओढीने. तेथील शिखरांनी त्यांना अपार आनंद दिला. परंतु पारतंत्र्यात पडलेला देश त्यांच्या मनातून गेला नाही. वाटेत भेटणारा ओझेवाला, अनवाणी चालणारी म्हातारी, एका पैशासाठी हात पसरणारे पहाडी मूल, ही सारी त्याच देशाची माणसे होती. ज्या समाजात आपण जन्मलो तो बद्ध असताना आपण एकट्याने मुक्त व्हावे, हे त्यांच्या अंतःकरणास पटेना. हिमालयात कायमचे राहण्याचे सोडून ते खाली उतरले. काही काळ त्यांनी हरिद्वारच्या ऋषिकुल संस्थेत काम केले, आचार्य कृपलानींबरोबर १९१३ साली ब्रह्मदेशाचा प्रवास केला, आणि मग रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात ते शिक्षक म्हणून दाखल झाले. तेथेच १९१५ साली त्यांची आणि गांधीजींची पहिली भेट झाली. देशसेवा आणि आत्मसाधना या ज्या दोन वाटा त्यांना इतकी वर्षे परस्परविरुद्ध भासत होत्या, त्या एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र आलेल्या त्यांनी पाहिल्या. ते गांधीजींच्या सत्याग्रहाश्रमात गेले आणि आश्रमाच्या शाळेचे शिक्षक झाले.

आणि मागे राहिलेले कुटुंब? आश्रमात पत्नी आणि मुले पुन्हा त्यांच्याजवळ आली. १९३० साली गांधीजी साबरमतीहून दांडीला मिठाच्या सत्याग्रहासाठी निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर चालणाऱ्या निवडक सत्याग्रहींच्या तुकडीत काकासाहेबांचे दोन्ही पुत्र, शंकर आणि बाळ, होते. वडील हिमालयात गेले तेव्हा ही मुले कळत्या वयाचीही नव्हती. अठरा वर्षांनी तीच मुले सुमारे ३९० किलोमीटर पायी चालून, आपल्याच या किनारपट्टीवर, नवसारीजवळच्या दांडीच्या समुद्रकाठी पोहोचली. पहिल्या यात्रेत पिता घर सोडून गेला होता. दुसऱ्या यात्रेत अवघे घरच देशाच्या वाटेवर चालत होते. पहिल्या यात्रेने घरच्यांवर टाकलेला भार यामुळे पुसला गेला, असे आम्ही म्हणणार नाही. पण काकासाहेब परत आले नसते, तर हे घडले नसते, एवढे निश्चित.

हिमालययात्रेची हकीकत त्यांनी तत्काळ लिहिली नाही. कित्येक वर्षे ती मनातच राहिली. पुढे आश्रमातील विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित मासिकासाठी त्यांनी ती आठवणीतून, प्रकरणाप्रकरणाने, गुजरातीत लिहिली. १९२४ साली ती 'हिमालयनो प्रवास' या नावाने ग्रंथरूपाने निघाली आणि गुजराती प्रवासवर्णनांत मानाच्या स्थानी जाऊन बसली. मराठीतही तिचा अनुवाद झाला. विद्यार्थी मित्रहो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका थोर साहित्यकृतीचा पहिला वाचकवर्ग म्हणजे शाळेतील मुले, आणि तिचे पहिले घर म्हणजे मुलांनी हाताने लिहिलेले एक मासिक. आपल्या शालेय वार्षिकाच्या पानांना क्षुल्लक समजणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

त्या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की त्यात तीर्थांचे माहात्म्य सांगण्यापेक्षा पाहिलेल्या सृष्टीचे आणि भेटलेल्या माणसांचे चित्र अधिक आहे. नद्यांवर तर काकासाहेबांचे विलक्षण प्रेम होते. भारतातील नद्यांवरील त्यांच्या लेखांचे 'लोकमाता' हे पुस्तक १९३४ साली प्रसिद्ध झाले. नदीला केवळ पाण्याचा प्रवाह न मानता लोकांना पोसणारी आई मानावे, ही त्यांची दृष्टी त्या नावातच दिसते. आपली दमणगंगाही सह्याद्रीत उगम पावून, आपली शेते भिजवीत, दमणजवळ सागराला मिळते. तिच्याकडे त्या दृष्टीने पाहण्यास आपल्यालाही कोणी हरकत घेणार नाही. आकाशातील ताऱ्यांचा त्यांना तसाच छंद होता. तुरुंगाच्या भिंतींमुळे जेव्हा डोंगर आणि नद्या दिसेनाशा झाल्या, तेव्हाही आकाश, पक्षी, किडामुंगी यांच्या निरीक्षणात त्यांनी आनंद शोधला. 'ओतराती दीवालो' हे त्यांचे छोटे पुस्तक तुरुंगातील अशाच निरीक्षणांतून जन्मले. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात त्यांना काही काळ गांधीजींचा सहवासही लाभला.

त्यांच्या पुढील कार्याची नोंद संक्षेपाने करू. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठाचे कुलनायकपद त्यांनी सांभाळले. गुजराती शुद्धलेखनाला शिस्त लावणाऱ्या 'जोडणीकोशा'च्या कामी त्यांचा मोठा वाटा होता. तो कोश १९२९ साली निघाला. एका मराठी माणसाने गुजराती शब्द कसे लिहावेत हे ठरविण्यास हातभार लावावा, हा प्रसंग दोन्ही भाषांस भूषणावह आहे. राष्ट्रभाषा हिंदीच्या प्रचारासाठी त्यांनी देशभर प्रवास केला. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६४ पर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते. १९५३ साली नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि आयोगाने १९५५ साली आपला अहवाल सादर केला. पूर्व आफ्रिका, जपान अशा दूरच्या देशांचेही त्यांनी प्रवास केले आणि त्यांवर पुस्तके लिहिली. १९६४ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. १९६५ साली 'जीवन-व्यवस्था' या गुजराती ग्रंथासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. २१ ऑगस्ट १९८१ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले. सातारा ते दिल्ली असा हा दीर्घ प्रवास होता, आणि त्यातील कळसाचा मुक्काम हिमालयाच्या चट्टीवरचा होता, असे आम्हांस वाटते.

आज पर्वतारोहणाची साधने पुष्कळ झाली आहेत. दार्जिलिंगची पर्वतारोहण संस्था १९५४ साली आणि उत्तरकाशीची १९६५ साली स्थापन झाली. तेथे तरुणतरुणींना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळते. आपल्या शाळांतील मुलेमुलीही सह्याद्रीतील गडांवर आणि क्वचित हिमालयातील शिबिरांना जातात. त्यांनी चांगले बूट घ्यावेत, गरम कपडे घ्यावेत, महिना-दोन महिने आधीपासून रोज चालण्याचा व डोंगर चढण्याचा सराव करावा, वैद्याकडून प्रकृती तपासून घ्यावी. यांतील एकही गोष्ट टाळण्यासारखी नाही. १९१२ सालच्या यात्रेकरूंजवळ ही साधने नव्हती म्हणून आपणही ती घेऊ नयेत, असा उलटा बोध कोणी घेऊ नये. काकासाहेबांच्या यात्रेत उणीव साधनांची होती, तयारीची नव्हती. बैलगाडीच्या प्रवासात कणखर झालेले शरीर, साध्या अन्नावर तृप्त होणारी जीभ, परप्रांतीय सोबत्याला सख्ख्या भावासारखे मानणारे मन आणि दिसेल ते नीट पाहण्याची सवय, ही त्यांची तयारी वर्षानुवर्षांची होती. ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठही करता येत नाही.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या त्या उंच प्रदेशात जाईल. तेथे गेल्यावर मागून येणाऱ्यासाठी दोन क्षण थांबा. ज्याने तुमचे ओझे वाहिले त्याचे नाव विचारा. वाट दाखविणाऱ्या पहाडी मुलाशी बोला. आणि परत आल्यावर, आठवण ताजी असो वा जुनी झालेली असो, ती आपल्या शाळेच्या वार्षिकासाठी लिहून काढा. शिखरावर कोणासही घर करता येत नाही. खाली उतरावेच लागते. उतरताना बरोबर काय आणले, यावरूनच काकासाहेबांची यात्रा मोठी ठरली. तुमचीही यात्रा त्याच मापाने मोजली जाईल.